मोटारीचे दिवे : उजेड वाटेंत कोठें हरवतो?

नंदुरबार जिल्ह्याच्या अक्कलकुवा तालुक्यांत, सातपुड्याच्या उत्तरेकडील उतारावर, नर्मदेच्या दक्षिण तीरास मणिबेली हें गांव आहे. सरदार सरोवराच्या जलाशयाखालीं महाराष्ट्रांतील जीं गांवें प्रथम गेलीं, त्यांत मणिबेलीचें नांव अग्रभागीं येतें. मोठ्या धरणांच्या अर्थसाहाय्याविषयीं १९९४ सालीं निघालेला एक आंतरराष्ट्रीय जाहीरनामा याच गांवाच्या नांवानें ओळखला जातो. अशा गांवाच्या संबंधांत मोटारीच्या दिव्यांचा विषय निघावा, हें प्रथमदर्शनीं चमत्कारिक वाटेल. कारण जलाशय भरल्यावर तेथें पोहोंचण्याचा मुख्य मार्ग वर्षानुवर्षें होडीचाच होता. परंतु मोटारीच्या दिव्याची खरी परीक्षा शहराच्या उजळलेल्या रस्त्यावर होत नाहीं. जेथें रस्त्याच्या कडेला खांब नाहीं, खांबावर दिवा नाहीं आणि गाडी बंद पडल्यास हांकेच्या अंतरावर मेस्त्री नाहीं, तेथेंच ती होते. मणिबेलीच्या पाठीशीं पसरलेला अक्कलकुवा-मोलगीचा डोंगराळ मुलूख हा अशाच परीक्षेचा मुलूख आहे.

अक्कलकुव्याहून मोलगीकडे जाणारा रस्ता देवगोई घाटानें चढतो. एका बाजूस डोंगर, दुसऱ्या बाजूस दरी आणि मध्यें वळणामागून वळण. पावसाळ्यांत त्यावर धुकें उतरतें. फाल्गुन-चैत्रांत मोहाचीं फुलें वेंचण्यासाठीं स्त्रिया व मुलें टोपल्या घेऊन अंधारांतच घराबाहेर पडतात. काठीच्या राजवाडी होळीस तर दूरदूरच्या पाड्यांतील माणसें रात्रभर जात-येत असतात. एखादा रुग्ण झोळींतून खांद्यावर वाहून रस्त्यापर्यंत आणला जातो आणि पुढचा प्रवास जीपगाडीनें होतो, तोहि पुष्कळदां रात्रींच. या सर्वांचें क्षेम ज्या एका वस्तूवर अवलंबून असतें, ती म्हणजे गाडीचा पुढील दिवा. तो मंद असला तर पायीं चालणारा दिसत नाहीं. तो बेताल असला तर समोरून येणाऱ्या चालकास कांहींच दिसत नाहीं.

म्हणूनच दिवा सुधारण्याची इच्छा स्वाभाविक आहे, आणि ती घरच्या घरीं पुरी करण्याचा मोहहि तितकाच स्वाभाविक आहे. बल्ब काढणें व बसविणें हें काम वरकरणीं सोपें असतें. पण याच सोप्या कामांतून अनेक अपघात उद्भवतात, आणि त्यांचें मूळ बहुधा एका गैरसमजुतींत असतें. उजेड बल्बांत तयार होतो, तेव्हां मोठा बल्ब म्हणजे मोठा उजेड, अशी ती समजूत होय. वास्तविक उजेडाची सुरुवात बॅटरींत व डायनॅमोंत होते. तेथून फ्यूज, बटण, तार, सांधा, बल्ब, आंतील परावर्तक वाटी, पुढची कांच आणि शेवटीं गाडीच्या लोखंडी अंगांतून बॅटरीकडे परतीचा मार्ग, अशी ती एक सांखळी आहे. जी कडी तपासली नाहीं, तीच दगा देते.

उदाहरणार्थ, मोलगीच्या बाजूचा एखादा जीपमालक कल्पनेनें डोळ्यांपुढें आणावा. त्याच्या जुन्या जीपचा उजेड पिवळा व दुबळा झाला आहे. गाडींत १२ व्होल्टचे, एच-फोर जातीचे, ६०/५५ वॅटचे बल्ब आहेत. पहिला आंकडा लांबच्या झोताचा आणि दुसरा डिपरचा. तो बाजारांतून १००/९० वॅटचे बल्ब आणतो व स्वतःच बसवितो. पहिल्या रात्रीं रस्ता लख्ख दिसतो आणि पैसे कारणीं लागल्याचें समाधान होतें. चार-आठ दिवसांनीं घाट चढतांना जळक्या प्लॅस्टिकचा वास येतो, एक दिवा लुकलुकतो आणि मग विझतो. मागचें झांकण काढून पाहतां बल्बचा होल्डर करपून वितळलेला आढळतो.

येथें दोष कोणाचा? बल्बचा नव्हे, हिशेबाचा. ६० वॅटचे दोन दिवे १२ व्होल्टवर १० अँपियर प्रवाह घेतात. १०० वॅटचे दोन दिवे सुमारें पावणेसतरा अँपियर घेतात. प्रवाह दुप्पटहि झाला नाहीं, असें वाटेल. परंतु तारेंत निर्माण होणारी उष्णता प्रवाहाच्या वर्गाच्या प्रमाणांत वाढते; म्हणून त्याच तारेवर, त्याच सांध्यावर आणि त्याच बटणावर आतां जवळजवळ पावणेतीन पट उष्णता पडूं लागली. दहा अँपियरच्या बेतानें आंखलेली जुनी तार हें ओझें कोठवर सोसणार?

यापुढची चूक याहून घातक असते. फ्यूज वारंवार उडूं लागला म्हणजे कंटाळून त्या जागीं तांब्याच्या तारेचा तुकडा किंवा चांदीचा कागद गुंडाळला जातो. फ्यूज हा दिव्याचा रक्षक आहे, अशी अनेकांची कल्पना असते. तो तारेचा रक्षक आहे. तारेस सोसेल त्याहून अधिक प्रवाह वाहूं लागला कीं स्वतः जळून जाण्याचेंच काम त्यास नेमून दिलेलें असतें. त्याच्या जागीं तुकडा बसविला म्हणजे जळण्याचें काम तारेकडे जातें, आणि तार डॅशबोर्डामागें इतर तारांच्या जुडग्यांत असते. उडालेला फ्यूज ही सूचना समजावी. कारण शोधल्यावांचून दुसरा फ्यूज घालूं नये, आणि घालावयाचा तो त्याच अँपियरचा घालावा.

तर मग त्या जीपचा मूळचा उजेड दुबळा कां झाला होता? याचें उत्तर मिळविण्यास एक साधा मीटर पुरतो. इंजिन चालू ठेवून व दिवे लावून प्रथम बॅटरीच्या दोन टोकांवरील दाब मोजावा. निरोगी गाडींत तो १४ व्होल्टच्या आसपास भरतो. नंतर, दिवा जळत असतांनाच, बल्बच्या मागील टोकांवरील दाब मोजावा. दोहोंमध्यें अर्ध्या व्होल्टाहून बराच अधिक फरक आढळला तर तितका दाब वाटेंतच हरवत आहे. हा तोटा अंगावर न घेण्याइतका क्षुल्लक नाहीं. तंतूच्या बल्बला मिळणारा दाब दहा टक्क्यांनीं घटला तर त्याचा उजेड दहा टक्क्यांनीं नव्हे, सुमारें तीस टक्क्यांनीं घटतो. म्हणजे नवा बल्ब न आणतांहि, केवळ हरवलेला दाब परत मिळवून, जुन्याच बल्बचा उजेड पुष्कळ वाढवितां येतो.

निर्माण झालेली वीज आणि पोहोंचलेली वीज यांतील अंतर मणिबेलीच्या परिसरास निराळें समजावून सांगावयास नको. सरदार सरोवराच्या दोन वीजगृहांची क्षमता मिळून १४५० मेगावॅट आहे आणि त्या विजेंत महाराष्ट्राचा वाटा २७ टक्के ठरलेला आहे. तरीहि धरणाच्या भिंतीपासून इतक्या जवळचे पाडे दीर्घकाळ अंधारांत राहिले. उगमाशीं किती आहे यापेक्षां शेवटच्या टोकाशीं किती पोहोंचतें हें पाहावें लागतें, हा धडा गाडीच्या दिव्यासहि लागू पडतो.

हरवलेला दाब कोणत्या बाजूस हरवतो हेंहि मीटर सांगतो. दिवा जळत असतां मीटरचें एक टोक बॅटरीच्या धन टोकास व दुसरें बल्बच्या धन टोकास लावावें. जो आंकडा येईल तो जाणाऱ्या वाटेवरील तोटा. मग एक टोक बॅटरीच्या ऋण टोकास व दुसरें बल्बच्या परतीच्या टोकास लावावें. तो परतीच्या वाटेवरील तोटा. जुन्या गाड्यांत परतीची वाट, जिला मेस्त्रीलोक अर्थिंग म्हणतात, तीच अनेकदां रोगाचें घर असते. पत्र्यावर रंग असतो, बोल्टाखालीं गंज असतो, आणि पावसाळ्याचा चिखल दोहोंवर साचतो. जवळ मीटर नसेल तर एक जाड तार घेऊन दिव्याचें परतीचें टोक थेट बॅटरीच्या ऋण टोकास क्षणभर जोडून पाहावें. उजेड एकदम वाढला तर दोष अर्थिंगचा आहे. तो बोल्ट काढून, पत्रा कागदानें घांसून चकचकीत करून, पुन्हां घट्ट आंवळावा व वर ग्रीसचा हात फिरवावा. खर्च जवळजवळ शून्य.

अर्थिंगच्या दोषाचीं आणखीहि मजेदार सोंगें असतात. डावीकडे वळण्याचा दिवा लावला कीं मागचा लाल दिवाहि त्याच तालावर उघडझांप करतो. ब्रेक दाबला कीं दुसरा कोणता तरी दिवा मंद होतो. चालकास वाटतें कीं आंत तारा एकमेकींस चिकटल्या. वस्तुतः परतीचा नेहमींचा मार्ग बंद झाल्यामुळें प्रवाह शेजारच्या दिव्याच्या तंतूंतून आडवाट काढीत असतो. अशा वेळीं तारांचें सारें जुडगें उसवण्यापूर्वीं त्या दिव्याचा एक अर्थिंगचा स्क्रू पाहावा.

जाणाऱ्या वाटेवरचा तोटा मोठा असेल तर रिले बसविणें हा योग्य उपाय होय. रिलेमुळें दिव्याचा मोठा प्रवाह बटणांतून न जातां बॅटरीकडून जाड तारेनें थेट दिव्याकडे जातो. बटण केवळ रिलेला आज्ञा देतें. त्याच्या पायांवर आंकडे असतात. ८५ व ८६ हे आज्ञेचे पाय, ३० हा बॅटरीकडून येणारा आणि ८७ हा दिव्याकडे जाणारा. बसविल्यानंतर दिवा लागला नाहीं तर प्रथम कान द्यावा. बटण दाबतां रिलेंतून टक् असा आवाज आला तर आज्ञा पोहोंचली आहे. दोष ३० व ८७ च्या वाटेवर शोधावा. आवाज आला नाहीं तर ८५ व ८६ कडे वळावें. या कामांत दोन चुका वारंवार होतात. एक, नव्या तारेचा फ्यूज बॅटरीपासून दूर बसवितात. तो बॅटरीच्या अगदीं जवळ हवा, कारण फ्यूज व बॅटरी यांमधील तारेस रक्षक नसतो. दुसरी, तार पत्र्याच्या भोंकांतून रबरी बुचाशिवाय ओढतात. घाटांतल्या खडखडाटानें पत्र्याची धार आवरण कापते आणि एके रात्रीं तार लोखंडास टेकते.

नवीन बल्ब बसवितांना हाताची स्वच्छताहि पाहावी. मोटारींत १९६२ पासून आलेल्या हॅलोजन बल्बची क्वार्ट्झची कांच अत्यंत तापते. बोटांचा तेलकटपणा तिच्यावर राहिला तर त्या जागीं कांच निबर होऊन बल्ब लवकर निकामी होतो. बल्ब धातूच्या बुडाशीं धरावा. कांचेस हात लागलाच तर स्पिरिटच्या स्वच्छ कापडानें ती पुसावी आणि कोरडी झाल्यावर बसवावी.

आतां अलीकडच्या सर्वांत मोठ्या मोहाकडे वळावयाचें. तो म्हणजे एलईडी बल्ब. ज्या निळ्या एलईडीमुळें पांढरा प्रकाश शक्य झाला, तिच्या शोधाबद्दल अकासाकी, अमानो व नाकामुरा यांस २०१४ चें भौतिकशास्त्राचें नोबेल पारितोषिक मिळालें. तेव्हां साधन थोर आहे, यांत शंका नाहीं. थोड्या विजेंत अधिक उजेड, ही त्याची प्रतिज्ञाहि खरी आहे. पण तंतूच्या बल्बसाठीं घडविलेल्या वाटींत एलईडीचा बल्ब खोंचला म्हणजे निराळाच घोटाळा होतो. त्या वाटीचा प्रत्येक वक्र तंतूच्या ठराविक जागेसाठीं आंखलेला असतो. एच-फोर बल्बांत डिपरच्या तंतूखालीं धातूची एक लहानशी ढाल असते. ती खालच्या दिशेचा प्रकाश अडविते, म्हणून डिपरचा झोत वर उसळत नाहीं. एलईडीचे दाणे त्या नेमक्या जागीं नसले, किंवा बल्ब थोडा फिरून बसला, तर प्रकाश सैरावैरा पसरतो. गाडीच्या नाकासमोरची जमीन दुधासारखी पांढरी दिसते, चालक खूष होतो. परंतु दूरचा रस्ता पूर्वींपेक्षां काळा पडतो आणि समोरच्या चालकाचे डोळे दिपतात. अरुंद घाटांत समोरचा चालक दोन क्षण आंधळा झाला तर त्याची गाडी दरीकडे जाईल किंवा याच्याच अंगावर येईल. दुसऱ्यास आंधळें करून मिळविलेला उजेड स्वतःच्याहि उपयोगाचा नाहीं.

१९८९ च्या केंद्रीय मोटार वाहन नियमांतहि हाच विचार आहे. दिव्याचा झोत असा खालीं वळविलेला असावा कीं आठ मीटरांवर उभ्या असलेल्या, जमिनीपासून दीड मीटर उंचीवर डोळे असलेल्या माणसास तो दिपविणार नाहीं, असें तो नियम सांगतो. दीड मीटर म्हणजे रस्त्यानें पायीं चालणाऱ्या माणसाच्या डोळ्यांचीच उंची.

एलईडी बसवूनहि दिवा लागलाच नाहीं तर घाबरूं नये. एलईडींत वीज एकाच दिशेनें वाहते. साध्या जातीच्या लहान बल्बचें तोंड उलटें झालें असेल तर तो काढून फिरवून बसवितांच लागतो. कांहीं गाड्यांत बटण धन बाजूस नसून ऋण बाजूस असतें. तेथें पुढील दिव्याचा एलईडी बल्ब विचित्र वागतो आणि त्यास योग्य असा निराळा जोड लागतो. बल्बमागचा पंखा लांब असल्यानें मागचें रबरी झांकण बसत नसेल तर तें काढून टाकूं नये. पहिल्याच पावसांत वाटींत पाणी शिरतें, तिचा आरसा काळवंडतो आणि मग कोणताहि बल्ब उजेड देत नाहीं.

वळणाच्या दिव्यांत एलईडी घातल्यावर ते एकदम दुप्पट वेगानें लुकलुकूं लागतात. २१ वॅटचा जुना बल्ब सुमारें पावणेदोन अँपियर घेतो. एलईडी त्याच्या अंशमात्र घेते. म्हणून जुना फ्लॅशर एखादा बल्ब जळाला असें समजून घाई करतो. एलईडीस योग्य असा फ्लॅशर बसविणें हा नीट उपाय. कांहीं जण त्याऐवजीं रोधकाचा तुकडा जोडतात. तो जोडलाच तर ध्यानांत ठेवावें कीं तो तव्यासारखा तापतो. तो उघड्या पत्र्यावर बसवावा, प्लॅस्टिकवर किंवा तारांच्या जुडग्यावर कदापि नव्हे.

सर्व कांहीं यथास्थित जमलें तरी काम पुरें झालें असें नाहीं. झोताची नेमणूक उरते. सपाट जागीं, शाळेच्या भिंतीसारख्या एखाद्या भिंतीसमोर, दहा मीटरांवर गाडी उभी करावी. भिंतीवर दिव्यांच्या मध्याच्या उंचीची रेघ ओढावी. डिपरच्या उजेडाची वरची कड त्या रेघेच्या सुमारें दहा सेंटिमीटर खालीं असावी. आपल्या देशांत वाहनें डावीकडून चालतात, म्हणून ती कड डाव्या बाजूस किंचित् वर चढलेली असते. ती उजवीकडे चढलेली दिसली तर तो दिवा परक्या देशाच्या रस्त्यासाठीं बनविलेला आहे आणि समोरच्याच्याच डोळ्यांत उजेड टाकणार आहे. ही परीक्षा गाडी नेहमींच्या ओझ्यानिशीं करावी. मागें दहा माणसें बसलीं कीं मागचा भाग दबतो, नाक वर होतें, आणि रिकाम्या गाडींत बरोबर असलेला झोत आकाश पाहूं लागतो.

नर्मदेच्या काठीं हेंच ज्ञान थोड्या फरकानें उपयोगी पडतें. मोटारीचा १२ व्होल्टचा दिवा कोणी लांकडी होडीवर बसवूं पाहील तर त्यानें स्मरावें कीं होडीला लोखंडी अंग नाहीं. गाडींत एक तार पुरते. होडींत परतीची तार स्वतंत्र ओढावी लागते. ती न ओढतां बॅटरी व बल्ब कितीहि बदलले तरी दिवा लागणार नाहीं.

तात्पर्य, क्रम उलटा करावा. प्रथम कांच व वाटी स्वच्छ करावी. मग सांधे व अर्थिंग पाहावें. मग दाब मोजावा. मग झोत नेमावा. आणि इतकें करूनहि उजेड अपुरा वाटला तरच, गाडीस जो बल्ब नेमून दिला आहे त्याच मापाचा चांगला बल्ब आणावा. बहुतेकांस शेवटच्या पायरीची गरजच पडत नाहीं. निघण्यापूर्वीं गाडींत एक जादा बल्ब, दोन-चार फ्यूज, कागदाचा तुकडा आणि एक हाताची बॅटरी असावी. घाटांत यांचें मोल गांवांतल्या दुकानापेक्षां अधिक आहे. मध्यरात्रीं झोळींतून उतरविलेला रुग्ण गाडींत निजविला जातो, तेव्हां दिवा किती वॅटचा आहे हें कोणी विचारीत नाहीं. वळणावरची दरी दिसली पाहिजे, टोपली घेऊन कडेनें चाललेली बाई दिसली पाहिजे, आणि समोरून येणाऱ्यासहि आपली वाट दिसत राहिली पाहिजे. दिव्याकडून अपेक्षा एवढीच असते.